विहीर, विक्रीपत्र आणि रोजनिशी: कॅरिसब्रुकचा किल्ला

लिखित इतिहासात हा किल्ला पहिल्यांदा भेटतो तो महसुलाच्या दप्तरात. इंग्लंड जिंकून वीस वर्षं झाल्यावर, १०८६ साली, नॉर्मन राजा विल्यमने देशभरातली जमीन, नांगर, गिरण्या, कुळं यांची मोजदाद करवून घेतली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात वाइट बेटावरच्या ॲल्विंग्टन नावाच्या जहागिरीची नोंद आहे. तिथला सारा पूर्वीपेक्षा कमी धरला आहे, कारण तिच्यातली काही जमीन किल्ल्याखाली गेली, एवढंच कारकुनाने लिहून ठेवलं आहे. बांधणाऱ्याचं नाव नाही, तटाची उंची नाही, पराक्रमाचा तर मागमूस नाही. किल्ल्याखाली गेलेल्या जमिनीवर कर कोणी भरायचा, एवढाच प्रश्न त्या कारकुनापुढे होता.

कॅरिसब्रुकच्या गोष्टीला यापेक्षा योग्य सुरुवात मला सुचत नाही. किल्ल्याचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेढे, तोफा आणि तटावरून कोसळणारे शिपाई येतात. इथे वेढे पडले, पण या किल्ल्याचं नशीब ज्या ज्या वेळी खरोखर फिरलं, त्या त्या वेळी कारण एकतर पाण्याचं होतं, नाहीतर कागदाचं.

वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं बेट. सोलंट नावाच्या सामुद्रधुनीने ते मुख्य भूमीपासून वेगळं केलं आहे, आणि सोलंटच्या पलीकडे पोर्ट्समथ आणि साउदॅम्प्टन ही बंदरं आहेत. दक्षिणेला खाडी ओलांडली की फ्रान्स. म्हणजे हे बेट ज्याच्या ताब्यात, त्याची नजर इंग्लंडच्या दोन मोठ्या बंदरांच्या वाटेवर. बेटाच्या मधोमध न्यूपोर्ट गाव आणि त्याच्या नैर्ऋत्येला, थोड्याच अंतरावर, एका टेकाडावर कॅरिसब्रुक. नॉर्मन येण्यापूर्वी सॅक्सनांनीही हीच जागा तटाने बंदिस्त केली होती. तो जुना तट आजही नॉर्मन मातीकामाच्या पायथ्याशी जागोजागी उघडा पडलेला दिसतो.

१०६६ नंतर राजाने हे बेट आपल्या अगदी जवळच्या माणसाला, विल्यम फिट्झऑस्बर्नला दिलं. तो १०७१ साली फ्लँडर्समधल्या लढाईत मारला गेला. त्याच्या मुलाने १०७५ साली बंडात भाग घेतला आणि सगळं गमावलं. पुढे ११०० च्या सुमाराला राजा पहिल्या हेन्रीने बेट रिचर्ड द रेडव्हर्स या सरदाराला बहाल केलं, आणि आज आपण पाहतो त्या किल्ल्याचा सांगाडा या घराण्याच्या हातून उभा राहिला.

नॉर्मनांची किल्ला बांधायची रीत झटपट कामाची होती. खोल खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा आणि खडूच्या दगडाचा उंच, गोल ढिगारा रचायचा, त्याच्या माथ्यावर बालेकिल्ला आणि पायथ्याशी तटबंद अंगण. ढिगाऱ्याला ते मॉट म्हणत, अंगणाला बेली. परक्या देशात मूठभर स्वारांच्या बळावर राज्य करायचं, तर वर्षानुवर्षं दगड घडवत बसायला वेळ कुठला? आधी माती आणि लाकूड, जम बसला की दगड. कॅरिसब्रुकला हा दगडी टप्पा लवकर आला. ११३६ पर्यंत तिथे घडीव दगडाचा तट उभा होता. मॉटच्या माथ्यावर बहुकोनी दगडी कडं आहे आणि तिथे चढायला तटाला लागूनच दमछाक करणारी उभी पायऱ्यांची वाट. वर पोचल्यावर अर्धं बेट नजरेत येतं, आणि ही जागा एकामागून एक राज्यकर्त्यांना का हवीशी वाटली हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण उंचावरच्या किल्ल्याला पाणी लागतं. ही परीक्षा ११३६ सालीच आली. रिचर्डचा मुलगा बाल्डविन याने राजा स्टीव्हनविरुद्ध बंड केलं. त्याने आधी एक्झिटरचा किल्ला धरला. राजाने वेढा घातला, तो तीन महिने चालला, आणि शेवटी विहिरी आटल्या. त्या काळच्या बखरीत म्हटलं आहे, की आतल्या माणसांनी वाइन वापरून पाव भाजले, स्वयंपाक केला, शत्रूने फेकलेले पेटते पलितेसुद्धा वाइनने विझवले. वाइनही संपल्यावर किल्ला पडला. बाल्डविन निसटून वाइट बेटावर आला. इथला तट भक्कम होता, समुद्रात उतरून व्यापारी गलबतं लुटायचा बेतही तयार होता. राजा त्याच्या मागावर साउदॅम्प्टनपर्यंत आला आणि तेवढ्यात बाल्डविनला कळलं, की कॅरिसब्रुकचंही पाणी आटलं आहे. तटाला धक्काही न लागता तो शरण गेला आणि परागंदा झाला. एकाच वर्षात एकाच माणसाचे दोन किल्ले पाण्यापायी जावेत, हा योगायोग म्हणावा तर मोठाच क्रूर.

पुढे घराण्याची सत्ता परत आली आणि धडा घेतल्यासारखी अंगणात नवी विहीर खणली गेली. ४९ मीटर खोल, खडूच्या थरातून थेट खाली. आजही ती आहे, आणि किल्ल्यातली सर्वांत लोकप्रिय गोष्ट तीच आहे. तिच्यावरचं घर १५८७ साली बांधलं. त्या घरात माणसाच्या अडीचपट उंचीचं एक लाकडी चाक आडव्या आसावर उभं केलेलं आहे, आतून पोकळ. त्याच्या आत गाढव चालतं. गाढव पुढे पाऊल टाकतं तसं चाक त्याच्या पायांखाली फिरतं आणि आसावर दोर गुंडाळत जातो. बादली वर यायला लागते. गाढव मात्र जिथल्या तिथेच चालत असतं. सुरुवातीला हे काम कैद्यांकडून करून घेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते गाढवांकडे आलं, आणि आजही पाहुण्यांसाठी ती थोडा थोडा वेळ चाक फिरवतात. या विहिरीत तांब्याभर पाणी ओतलं तर तळाचा आवाज कानावर यायला तीनेक सेकंद लागतात. ऐकायला हा वेळ किरकोळ वाटतो. पण विहिरीच्या काठाशी उभं राहून मनातल्या मनात तीन आकडे मोजले, की ४९ मीटर म्हणजे काय ते नीट उमजतं. आणि ते खणणाऱ्यांजवळ कुदळ, छिन्नी आणि दोर याखेरीज फारसं काही नव्हतं.

रेडव्हर्स घराण्याच्या शेवटच्या वारसाकडे येऊ, कारण माझ्या मते या किल्ल्याने पाहिलेली सर्वांत कर्तबगार व्यक्ती तीच होती. इझाबेला १२३७ साली जन्मली. बारा वर्षांची व्हायच्या सुमारास तिचं लग्न ऑमालच्या अर्लशी झालं. १२६० साली, ऐन तेविशीत, ती विधवा झाली. दोन वर्षांनी भाऊ निपुत्रिक वारला आणि डेव्हनची जहागीर, वाइट बेटासह, तिच्याकडे आली. सहा मुलं झाली, ती सगळी तिच्या डोळ्यांदेखत गेली. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांत तिची गणना होई. अशा तरुण विधवेशी लग्न करून जहागीर गिळायला अनेक जण टपलेले होते. तिने पुन्हा लग्न केलं नाही. तीस वर्षं तिने बेटाचा कारभार स्वतः पाहिला. कॅरिसब्रुक हे तिचं मुख्य ठाणं होतं. मोठा दरबारी दिवाणखाना, राहण्याच्या खोल्या, प्रार्थनाघर अशी बरीच कामं तिने करवून घेतली, आणि किल्लेदाराच्या हिशोबांत त्यांचे खर्च मांडलेले आहेत. आजच्या वास्तूत तिच्या काळची म्हणून दाखवली जाणारी एक खिडकी आहे, भिंतीच्या जाडीत दोन्ही बाजूंना दगडी बैठक असलेली. लढाईच्या इमारतीत कोणीतरी उजेडात निवांत बसायची सोय केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तोवर हा किल्ला ठाणं होता. इझाबेलाने त्याचं घर केलं.

आणि हे घर राजाला हवं होतं. पहिल्या एडवर्डचे फ्रान्सशी संबंध बिघडत चालले होते. युद्ध झालं तर खाडीतलं हे बेट एका खासगी जहागीरदारणीच्या हाती असणं त्याला परवडणारं नव्हतं. १२९३ च्या नोव्हेंबरात कँटरबरीहून परतताना इझाबेला आजारी पडली आणि लंडनजवळ स्टॉकवेल इथे तिला थांबावं लागलं. राजाची माणसं तातडीने तिच्या बिछान्यापाशी पोचली. बेटाच्या विक्रीचा कागद तयार करून तिला वाचून दाखवण्यात आला, तिच्या दासीने तिची मोहोर त्यावर उमटवली. किंमत सहा हजार मार्क, म्हणजे त्या वेळचे चार हजार पौंड. त्याच रात्री, पहाटेपूर्वी, ती गेली. एका रात्रीत, एकही बाण न सुटता, बेट आणि किल्ला राजघराण्याचे झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध पेटलं.

या व्यवहारात खोट होती का? तिचा वारस ह्यू द कोर्टने याला तसं वाटलं. मरणाच्या दारातल्या बाईने खरंच संमती दिली होती का, की तिच्या नावावर मोहोर उठवली, हा त्याचा सवाल होता. पुढच्या राजाच्या काळात चौकशी झाली, साक्षी घेतल्या गेल्या आणि निकाल राजाच्या बाजूने लागला. ज्या राजाला तो कागद हवा होता, त्याच्याच मुलाच्या दरबारात त्या कागदाची शहानिशा झाली, हे विसरून चालणार नाही.

यानंतरच्या तीन शतकांवरून मी भराभर जातो. किल्ला राजाच्या वतीने अधिकारी सांभाळत. १३७७ साली फ्रेंचांनी बेटावर उतरून नासधूस केली, किल्ल्याला वेढा घातला, पण ह्यू टिरेलने तो राखला. एका धनुर्धराने तटाच्या जंगीतून नेम धरून फ्रेंच सरदाराला टिपलं अशी दंतकथा आहे. पहिल्या एलिझाबेथच्या काळात तिचा नातलग सर जॉर्ज केरी इथे कॅप्टन होता. स्पेनच्या आरमाराची धास्ती १५८८ साली येऊन गेली तरी पुन्हा येईल हे भय होतंच. म्हणून १५९७ साली फेदेरिगो जांबेली हा इटालियन तज्ज्ञ बोलावला. बारा वर्षांपूर्वी अँटवर्पच्या वेढ्यात दारू भरलेली जहाजं शत्रूच्या पुलावर सोडून याच माणसाने हाहाकार उडवला होता. त्याने जुन्या नॉर्मन किल्ल्याभोवती तोफांसाठी ठेंगणा, रुंद, बाणाच्या टोकासारख्या बुरुजांचा नवा कोट आखला. त्या तोफांवर परका शत्रू कधी चालून आलाच नाही. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी वाढवलेला हा कोट अर्ध्या शतकाने कामी आला तो राजाला आत ठेवण्यासाठी.

पहिला चार्ल्स पार्लमेंटशी झालेलं यादवी युद्ध हरून हॅम्पटन कोर्टात नजरकैदेत होता. ११ नोव्हेंबर १६४७ च्या रात्री तो तिथून निसटला. कुठे जायचं हे नीट ठरलेलं नव्हतं. वाइट बेटाचा नवा गव्हर्नर कर्नल रॉबर्ट हॅमंड पार्लमेंटचा अधिकारी असला तरी त्याचे एक काका राजाचे धर्मगुरू होते, तेव्हा तो सहानुभूती दाखवेल अशी आशा होती. राजाचे दोन सोबती चाचपणी करायला पुढे गेले आणि त्यांनी भलतीच चूक केली. हॅमंडकडून पक्कं वचन घ्यायच्या आधीच ते त्याला सोबत घेऊन, जिथे राजा लपला होता तिथेच आले. राजाने कपाळाला हात लावला, पण आता वाट उरली नव्हती. तीन दिवसांनी तो कॅरिसब्रुकच्या दरवाजातून आत आला तो पाहुणा म्हणून.

सुरुवातीला पाहुणचार खराच होता. त्याची बग्गी बेटावर आणली, तो हिंडेफिरे. डिसेंबरात त्याने स्कॉटलंडच्या प्रतिनिधींशी गुप्त करार केला. स्कॉट फौज त्याच्या बाजूने इंग्लंडमध्ये उतरणार होती. त्याच महिन्यात कॅप्टन बर्ली नावाच्या एका निष्ठावंताने न्यूपोर्टमध्ये नगारा वाजवून लोकांना राजाला सोडवायला चला म्हणून हाक दिली. मोजके लोक जमले, बर्ली पकडला गेला आणि फासावर चढला. त्यानंतर दरवाजे बंद झाले. हॅमंडने राजासाठी बाहेरच्या अंगणात बोलिंगचा खेळ खेळायला हिरवळ सपाट करून दिली, तटावर फेऱ्या मारायची मुभा दिली. बाकी पहारा.

इथून गोष्ट चिठ्ठ्यांची होते. हेन्री फायरब्रेस नावाचा सेवक राजाच्या खोलीजवळ काम मिळवून बसला. त्याने भिंतीवरच्या पडद्यामागे फट पाडली. दाराशी पहारेकरी उभा असताना तिच्यातून दोघं कुजबुजत. कपडे धुणाऱ्या बाईच्या हाताखालची मेरी नावाची मुलगी चिठ्ठ्या आत-बाहेर करी. मजकूर आकड्यांच्या सांकेतिक भाषेत असे, आणि या पत्रव्यवहारात राजाने स्वतःसाठी ‘जे’ हे अक्षर घेतलं होतं. विहिरीवरच्या गाढवांची नावं आजही इंग्रजी ‘जे’ अक्षरावरून ठेवतात, त्यामागे हेच कारण सांगितलं जातं.

बेत असा होता: राजाने खिडकीतून दोराने उतरायचं, फायरब्रेसने त्याला अंगण ओलांडून तटावरून खाली सोडायचं, बाहेर घोडे तयार, किनाऱ्यावर होडी. खिडकीला मधोमध उभा गज होता. तो आधी कापून ठेवू या, असं फायरब्रेसने विनवलं. राजाने नकार दिला. त्याने डोकं घालून पाहिलं होतं, आणि डोकं जातं तिथून अंगही जाईल अशी त्याची खात्री होती. २० मार्च १६४८ च्या रात्री फायरब्रेसने खालून खुणेचा खडा मारला. राजा खिडकीत आला, डोकं आणि एक खांदा बाहेर काढला आणि छातीशी अडकला. पुढेही जाता येईना, मागेही. अंधारात उभ्या असलेल्या फायरब्रेसला वरून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि करता काहीच येत नव्हतं. कसाबसा सुटून राजा खोलीत परतला आणि बेत फसल्याची खूण म्हणून त्याने खिडकीत मेणबत्ती ठेवली. कोण्या हेराने ही बातमीही लंडनला पोचवली. एप्रिलमध्ये पार्लमेंटच्या फौजेचा सेनानी क्रॉमवेल याने हॅमंडला लिहिलेल्या पत्रात राजाची छाती गजांमध्ये मावली नाही हा तपशील आहे.

या प्रसंगावर हसणारे पुष्कळ आहेत. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. चार्ल्सच्या साऱ्या कारकिर्दीत हाच अट्टहास दिसतो: आपण म्हणतो ते होईलच, कारण आपण राजा आहोत. गज कापायचा साधा सल्ला त्याने मानला असता, तर तो बहुधा फ्रान्सला पोचला असता.

मे महिन्यात दुसरा प्रयत्न झाला. या वेळी गज झिजवायला तेजाब आणि कानस मिळवली होती, पहारेकऱ्यांना पैसे चारले होते. त्यांतल्याच दोघांनी हॅमंडला सगळं सांगितलं. ठरलेल्या रात्री राजाने खिडकीतून खाली पाहिलं, अपेक्षेपेक्षा जास्त माणसं दिसली, आणि तो मुकाट खिडकी लावून झोपायला गेला. उन्हाळ्यात स्कॉट फौजेचा पराभव झाला. सप्टेंबरात वाटाघाटींसाठी त्याला न्यूपोर्टला नेलं, डिसेंबराच्या तोंडावर सैन्याने उचललं, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

दीड वर्षाने त्याची दोन धाकटी मुलं, एलिझाबेथ आणि हेन्री, याच किल्ल्यात कैद म्हणून आणली गेली. जिथे बाप कोंडला होता तिथेच मुलांना ठेवायचं, यात राजकारण असेल, माणुसकी नव्हती. एलिझाबेथ चौदा वर्षांची होती, मुळातच प्रकृतीने नाजूक. बापासाठी केलेल्या त्याच हिरवळीवर खेळताना ती पावसात भिजली, ताप भरला आणि ८ सप्टेंबर १६५० रोजी ती वारली. वडिलांनी शेवटच्या भेटीत दिलेल्या बायबलवर तिचा गाल टेकलेला होता असं सांगतात. न्यूपोर्टच्या चर्चमध्ये तिला साधेपणाने पुरलं. तिची कबर पुढे लोक विसरून गेले. दोनशे वर्षांनी राणी व्हिक्टोरियाने मारोकेत्ती या शिल्पकाराकडून तिथे संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात ती मुलगी उघड्या पुस्तकावर डोकं ठेवून निजलेली आहे.

व्हिक्टोरियाचा या बेटाशी घरोबा होता. १८४५ साली तिने आणि तिचा नवरा अल्बर्टने इथलं ऑस्बर्न हाउस विकत घेतलं आणि ते त्यांचं कुटुंबाचं घर झालं. तिची धाकटी मुलगी बिआट्रिस लग्नानंतरही आईजवळच राहावी ही अटच होती. त्यासाठी ऑस्बर्नला नवी इमारत जोडली. तळमजल्यावर भारतीय शैलीचा दरबार हॉल, वर बिआट्रिसच्या कुटुंबाच्या खोल्या. त्या हॉलचं नक्षीकाम भाई रामसिंग यांचं, आणि त्यांना तिथवर आणणारे लॉकवुड किपलिंग, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ पासून शिकवलेले तेच.

बिआट्रिसचा नवरा, बॅटनबर्गचा प्रिन्स हेन्री, १८८९ साली बेटाचा गव्हर्नर झाला. १८९६ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेतल्या मोहिमेवर हिवतापाने तो गेला. ते पद राणीने मुलीला दिलं. पुढची ४८ वर्षं, १९४४ मध्ये मरेपर्यंत, बिआट्रिस वाइट बेटाची गव्हर्नर होती. १८९८ साली तिने नवऱ्याच्या स्मृत्यर्थ किल्ल्याच्या दरवाजाच्या बुरुजात संग्रहालय सुरू केलं. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीपासून ती उन्हाळ्यात किल्ल्यातल्या गव्हर्नरच्या घरात राहू लागली. इझाबेलानंतर सहा शतकांनी पुन्हा एक विधवा इथे घर करून होती. १९१४ च्या ऑक्टोबरात तिचा धाकटा मुलगा मॉरिस ईप्रच्या रणांगणावर मारला गेला. किल्ल्यातलं पुन्हा उभारलेलं सेंट निकोलसचं प्रार्थनाघर पुढे बेटावरच्या युद्धमृतांचं स्मारक झालं.

आणि या सगळ्या वर्षांत ती एक काम करत होती. व्हिक्टोरियाने तेराव्या वर्षापासून मरणापर्यंत रोजनिशी लिहिली. तिची व्यवस्था लावायचं काम तिने बिआट्रिसवर सोपवलं होतं. बिआट्रिसने एकेक वही उघडायची, पुढे जाण्याजोगं वाटेल ते स्वतःच्या हाताने निळ्या वह्यांत उतरवायचं आणि मूळ वही जाळून टाकायची, असं तीस वर्षं केलं. तिच्या प्रतीच्या १११ वह्या झाल्या. तिचा भाचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांना हे पाहवत नव्हतं, पण आईची आज्ञा म्हणून ती थांबली नाही. तिची निष्ठा मला कळते. तिने केलेलं नुकसान मात्र भरून न येणारं आहे. एका साम्राज्याच्या राणीने त्रेसष्ट वर्षांच्या राज्याबद्दल रोज काय लिहिलं, ते तिच्याच शब्दांत आपल्याला कधीच वाचता येणार नाही.

एक भाग तेवढा वाचला. राजदरबारातल्या लॉर्ड ईशर याने राणीच्या सुरुवातीच्या वर्षांच्या वह्या जाळल्या जाण्यापूर्वी टंकलिखित करून घेतल्या होत्या. १८४० च्या फेब्रुवारीपर्यंतचा, म्हणजे राणीच्या लग्नापर्यंतचा मजकूर त्यात आहे. २०१२ साली सर्व प्रती इंटरनेटवर खुल्या झाल्या. त्यात एकाच दिवसाची नोंद ईशरच्या प्रतीत आणि बिआट्रिसच्या वहीत शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. ईशरकडे तरुण राणी पानंच्या पानं बोलते: कोण काय म्हणालं, कोणाचा राग आला, पंतप्रधान मेलबर्न कशावर हसले. बिआट्रिसकडे त्याच दिवसाच्या पुष्कळदा चार-सहा ओळी उरतात.